शेऱ्याचा रकाना

आमच्या टेलिफोन खात्यात खोटं बोलायला दोन शब्द पुरायचे. दार बंद. तक्रार आली, लाइनमन त्या घरी गेला, घराला कुलूप होतं म्हणून दुरुस्ती करता आली नाही, असा त्याचा सरळ अर्थ. हे दोन शब्द कॉम्प्युटरात भरले की तक्रार मिटलेल्यांत जमा व्हायची, मग फोन मुका का असेना. लातूरच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर मी बारा वर्षं बसले. त्या बारा वर्षांत जिल्ह्यातल्या जितक्या घरांना मी कुलपं घातली, तितकी कुलपं अख्ख्या गंजगोलाईच्या बाजारात मिळाली नसती.

हे मी हसत सांगते आहे, कारण हसल्याशिवाय मला याची सुरुवातच करता येत नाही. नांदेडच्या घरी बसून तीन वेळा लिहायला घेतलं आणि तीनही वेळा उठून भांडी घासली.

मी नोकरीला लागले तेव्हा ते खातं होतं. आमच्या वस्तीतली सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली मुलगी. ऑर्डर आली त्या दिवशी वडिलांनी विहारात जाऊन मेणबत्ती लावली आणि येताना सगळ्या गल्लीला बत्तासे वाटले. त्यांचं म्हणणं साधं होतं. खासगीत मालक तोंड बघून घेतो, सरकारात कागद बघून घेतात, आणि आपल्याला कागदाचाच आधार आहे. कागदाचा आधार हे शब्द मी फार मनावर घेतले. इतके की पुढे कागदावर जे असेल तेच खरं मानायची मला सवय लागली.

तेव्हा फोन मिळायला लोक वर्षानुवर्षं वाट बघत. लाइनमन वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून गल्लीत शिरला की नवरदेव आल्यासारखी माणसं जमायची. फोन लागला म्हणून पेढे, बिघडलेला नीट झाला म्हणून पेढे, साहेबांची बदली टळली म्हणून पेढे. लोक आमच्या पायऱ्या झिजवत आणि आम्ही त्यांना 'उद्या या' म्हणत असू. उद्या म्हणजे नक्की कधी, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आम्ही लोकांचं काम करतो म्हणजे त्यांच्यावर उपकारच करतो, असं मलाही प्रामाणिकपणे वाटायचं.

मग मोबाइल आले, खासगी कंपन्या आल्या, आणि बघता बघता आमच्या खात्याचीही कंपनी झाली. बाहेरची पाटी बदलली. आतला पंखा तोच, खुर्ची तीच, खुर्चीवरची उशीसुद्धा तीच. फक्त वरून येणाऱ्या पत्रांत नवे शब्द दिसायला लागले. स्पर्धा. ग्राहक. कामगिरी. ज्या खिडकीवर नव्या फोनसाठी रांग लागायची, त्याच खिडकीवर आता फोन परत करणाऱ्यांची रांग लागली.

मुरुडचा एक किराणा व्यापारी आठवतो. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं हळू. त्यानं आपला फोन पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला.

"काका, तक्रार लिहून घेते. माणूस पाठवते आजच," मी म्हटलं.

"दुरुस्ती नगं बाई आता," तो म्हणाला. "तीन महिने मी तुमच्या माणसाची वाट बघून राहिलो. आता तुमी माझी बघा."

रांगेतली माणसं हसली. मला राग आला. माणसाला जरा धीर नाही, सरकारी कंपनी बुडली तर यांनाच महागात पडेल, असं मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला तावातावानं सांगितलं. त्या वेळी माझ्या पर्समध्ये खासगी कंपनीचा मोबाइल होता. आमच्या कंपनीची रेंज आमच्याच कार्यालयात मिळत नव्हती, त्याला मी तरी काय करणार?

चोवीस तासांच्या आत तक्रार मिटलीच पाहिजे, असा हुकूम आला तो याच दिवसांत. आता यात आमची बाजूही होती, आणि ती मी सोडणार नाही. माणसं कमी होती. केबल जुनी होती. रस्ता रुंद करणारे जेसीबी रोज कुठे ना कुठे आमची केबल उखडून ठेवायचे आणि नवी मागितली की वरून केबलऐवजी पत्र यायचं. ज्या वाडी-तांड्यांवर खासगी कंपन्या ढुंकूनही बघत नव्हत्या, तिथे आम्हीच खांब रोवले होते. तेव्हा सगळा दोष आमच्या माथी मारून खासगीवाल्यांना हार घालायला मी बसलेली नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे वरही पुष्कळ होते.

पण आमच्यापुढे जी अडचण होती ती आम्ही वर कळवली का? नाही. आम्ही ती झाकली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एकेका भागातल्या लाइनमनचा फोन यायचा आणि तो दिवसभराच्या तक्रारींची यादी वाचायचा. दार बंद, दार बंद, टेस्ट ओके, दार बंद. मी भरत जायची. एखादा नवा माणूस "म्याडम, केबलच तुटलीय, आठ दिवस लागतील," असं काही खरं सांगायला लागला, तर मीच त्याला शहाणं करायची. "अरे बाबा, दार बंद म्हण की. आज बंद, उद्या पुन्हा नवी तक्रार येईल, तेव्हा बघू." महिन्याअखेरीला आमचा जिल्हा वरच्या यादीत चांगला दिसायचा. साहेब खूश, आम्ही खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अहमदपूर आणि आसपासच्या खेड्यांचं काम एका कंत्राटी लाइनमनकडे होतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बुटका, सायकलीला शिडी आडवी बांधून फिरणारा. आज ना उद्या कायम होऊ, या आशेवर त्यानं सोळा वर्षं काढली होती. जमिनीखालची केबल तुटली की दुसरीकडे दोन-दोन दिवस चर खोदत बसायचे. हा रस्त्यावर उकिडवा बसायचा, दोन-चार ठिकाणी तपासायचा आणि बोट टेकवून सांगायचा, "हितं हाय." तिथे खोदलं की तुटका तुकडा हाती यायचा. शेकडो तारांचा गुंता, प्रत्येकीचा रंग वेगळा, त्या एकेक ओळखून जोडायच्या. कायम नोकरीतले, चांगला पगार घेणारे लाइनमन अडले की गुपचूप त्याला बोलावून न्यायचे आणि काम आपल्या नावावर दाखवायचे. त्याला ते माहीत होतं. त्याची तक्रार नव्हती. काम झाल्यावर त्या घरच्या फोनवरून तो मला फोन करायचा, "ताई, बघा आवाज कसा खणखणीत येऊन राहिला," एवढंच म्हणायला. मी "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायची.

त्याच्यात एकच खोड होती. तो दार बंद म्हणायचा नाही.

शिरूर ताजबंदच्या पलीकडे एका खेड्यात एका म्हातारीचा फोन होता. मुलगा फौजेत, म्हणून तिच्या झोपडीत फोन. तो बंद पडला आणि तक्रार आठ दिवस उघडी राहिली. मी त्याच्या मोबाइलवर फोन लावला.

"ती म्हातारीची तक्रार काढून टाकते आज. दार बंद लिहिते."

"न्हाई ताई. आजी घरातच हाय. मी आत्ता तिच्याच वट्यावर बसून बोलून राहिलो."

"अरे, पण आपला आकडा खराब दिसतो."

"ताई, तिच्या घराला दारच न्हाई. पोत्याचा पडदा हाय. बंद कसं लिव्हता?"

मी फोन ठेवला आणि ही गंमत सगळ्या कार्यालयाला सांगितली. सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून आमच्यात त्याचं नाव 'पोत्याचं दार' पडलं. नाव मीच पाडलं. तो महिन्याच्या मीटिंगला लातूरला आला की कुणीतरी हळूच विचारायचं, "काय रे, पोत्याला कुलूप लावलं का?" तोही हसायचा. आपल्याला का हसतात हे त्याला कळत होतं, तरी पुढच्या महिन्यात त्याच्या तक्रारी पुन्हा आठ-आठ, दहा-दहा दिवस उघड्याच. म्हातारीचा फोन त्यानं तेराव्या दिवशी सुरू केला. कुठल्या तरी मोडक्या खांबावरची वायर काढून, स्वतः ओढून नेऊन.

कॉम्प्युटरला हे काही दिसत नाही. त्याला दिसतात आकडे. बाकी सगळे भाग चोवीस तासांत चकाचक आणि अहमदपूर तळाला, दर महिन्याला. जो खरं सांगत होता तोच सगळ्यांत कामचुकार दिसत होता. हे मला माहीत होतं. जिल्ह्यात हे पूर्णपणे माहीत असलेली मी एकटीच होते, कारण सगळं माझ्याच बोटांखालून जात होतं.

एका उन्हाळ्यात पत्र आलं. कंपनी तोट्यात आहे, कंत्राटी माणसं कमी करायची आहेत, आणि ती कामगिरी बघून कमी करावीत. साहेब नवे होते. माणूस वाईट नव्हता, उलट जरा भिडस्तच. त्यांनी मला भागवार यादी काढायला सांगितली. मी काढली. कुठला भाग, कोण माणूस, तक्रारी किती वेळात मिटल्या, आणि शेवटी एक रुंद रकाना, शेरा.

यादी घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं आणि तळाशी थांबले.

"हा अहमदपूरचा फार मागे दिसतो. पण जुना माणूस आहे, सोळा वर्षं झालीत." त्यांनी मान वर केली. "मॅडम, तुम्ही या सगळ्यांना ओळखता. याच्यापुढे काही शेरा द्यायचा का?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. पेन काढून, टोपण उघडून ते माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

एक वाक्य पुरलं असतं. सर, वरचे सगळे आकडे खोटे आहेत, याचा एकट्याचा खरा आहे. पण मग पुढचा प्रश्न आला असता, खोटे कुणी भरले? आणि त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली माझा नांदेडच्या बदलीचा अर्ज होता. नवरा नांदेडला शिक्षक, धाकटा मुलगा दहावीला, सासूबाई अंथरुणावर. सहा वर्षं मी दर शनिवारी लातूरहून नांदेडला आणि दर सोमवारी पहाटेच्या गाडीनं नांदेडहून लातूरला अशी ये-जा करत होते. त्या अर्जाकडे माझी नजर गेली. मुद्दाम नाही गेली, पण गेली.

"नाही सर," मी म्हटलं. "काही शेरा नाही."

साहेबांनी टोपण लावलं, मग पुन्हा काढलं आणि सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी, पंख्याखाली, दोन मिनिटांत, कुणाचा आवाजही न चढता होते.

आठवड्यानं तो लातूरला आला. मीटिंग नव्हती, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कंत्राटदारानं त्याच्या हातात, त्याला कामावरून कमी केल्याच्या आमच्या पत्राची झेरॉक्स दिली होती. ती त्यानं माझ्या टेबलावर पसरली आणि एका शब्दावर बोट ठेवलं, केबलवर ठेवायचा तसंच.

"ताई, हे असमाधानकारक म्हंजी काय?"

"काही नाही रे. सरकारी भाषा आहे. छापील असतं ते."

"समद्यांनाच आलंय का?"

"हो," मी म्हटलं. "वरूनच आलंय. खासगी कंपन्यांमुळे सगळंच बसत चाललंय. आता आमचाही काही नेम नाही."

तो "हाव, ते बी हायच म्हणा," म्हणाला. झेरॉक्सची नीट घडी घातली. जाताना दारापाशी थांबून त्यानं सांगितलं की चाकूर रस्त्यावरच्या शाळेजवळ एक जोड अजून कच्चा आहे, पावसाच्या आधी कुणाला तरी बघायला सांगा. मी मान हलवली. मी कुणालाही सांगितलं नाही.

माझी बदली बारा दिवसांत झाली. मी सगळ्यांना पेढे वाटले.

नांदेडला आल्यावर मी युनियनमध्ये बरीच पुढे झाले. फाटकावरच्या सभेत भाषणं करायची. सरकारनंच आपल्याला मुद्दाम मागे ठेवलं, खासगीवाल्यांना रान मोकळं दिलं, आपले पाय बांधून शर्यतीत पळायला सांगितलं, असं मी बोलायची आणि टाळ्या पडायच्या. बोलणं खोटं नव्हतं. अर्धं होतं. उरलेलं अर्धं फाटकावर बोलायची सोय नव्हती. आमच्यासारख्या घरांतल्या पोरांना जिथे कागद बघून घेत होते, ते दार मिटत चाललं होतं, आणि ते मिटायला माझाही हात लागला होता, हे कुठल्या माइकवर सांगायचं?

पुढे स्वेच्छानिवृत्ती आली. एकाच दिवशी अर्ध्याहून जास्त माणसं फुलांचे गुच्छ घेऊन घरी गेली, त्यांत मी. निरोपाच्या कार्यक्रमात एक जण चिडून म्हणाला, एवढी माणसं काढून काम कसं चालणार, हे वरच्यांना दिसत नाही का? मी गुच्छाकडे बघत बसले. वरच्यांना जे दिसत होतं ते आम्हीच दाखवलं होतं. थोड्या माणसांत, जुन्या केबलवर, सगळ्या तक्रारी चोवीस तासांत मिटतात, असं वर्षानुवर्षं आम्हीच लिहून दिलं होतं. मग माणसं कशाला हवीत आणि केबल कशाला हवी?

तरी मी त्या लाइनमनकडे गेले नाही. नांदेडहून अहमदपूर काही लांब नाही. लातूरला बहिणीकडे जाताना गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबायची. मी खिडकीतून दुसरीकडे बघायची. तो कुठे दिसलाच तर काय, म्हणून ओढणीनं तोंड झाकून घ्यायची. इतकी वर्षं भाषणं केलेली बाई मी!

गेल्या महिन्यात घरचं इंटरनेट बंद पडलं. खासगी कंपनीचं. हो, घेतलंय मी. दिवसभर दार उघडं टाकून, उंबऱ्यातच बसून शेपू निवडत मी त्यांच्या माणसाची वाट बघितली. कुणी आलं नाही. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या रेकॉर्डला दिसतंय की तंत्रज्ञ येऊन गेले. दार बंद होतं."

मी तोंडाला येईल ते बोलले. खोटं कशाला लिहिता, लाज वाटत नाही का, उंबऱ्यात बसले होते मी, आंधळा होता का तुमचा माणूस? ती मुलगी "क्षमस्व मॅडम" म्हणत राहिली. आणि बोलता बोलता माझा आवाज आपोआप बसला. सरकारी असो की खासगी, कुठल्याशा टेबलावर माझ्यासारखीच कुणीतरी बसली होती आणि तिनं ते दोन शब्द भरले होते. मला तिच्यावर रागावता येईना. शेपू तसाच पडला. सुनेनं विचारलं, "आई, बरं नाही का?" मी म्हटलं, "नाही, बरं नाही."

जुन्या सहकाऱ्याकडून त्याचा पत्ता मिळवला आणि रविवारी सकाळी अहमदपूरची एसटी धरली. अर्धं तिकीट. खिडकीची काच वर सरकत नव्हती, पत्रा खडखडत होता, पण लोहा, माळाकोळी करत गाडी वेळेवर पोचली. वाटेत मी काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. धोरणाबद्दल एक वाक्य, खासगी कंपन्यांबद्दल एक, सासूबाईंच्या आजाराबद्दल एक. भाषणासारखं ते छान जुळून आलं होतं.

मार्केट यार्डाच्या मागे त्याचं दोन खोल्यांचं घर. तो आता एका खासगी शाळेच्या फाटकावर वॉचमन आहे. केस पांढरे झालेत. मला बघून तो इतका गडबडला की चप्पल उलटी घातली. "ताई! तुमी? अगं, लातूरच्या म्याडम आल्या बघ." त्याच्या बायकोनं आतून पाणी आणलं. मला खुर्ची दिली आणि स्वतः पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घालायला लागली, कारण वरचा पंखा बंद होता.

"वायरमनला निरोप धाडलाय," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, आला न्हाई."

"घरात एवढा मोठा लाइनमन असताना वायरमन कशाला?" मी हसत म्हटलं.

ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी हात लावत न्हाई ताई आता. तेव्हापासून न्हाई लावला. आपलं काम तेवढं बरं नव्हतं ना."

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणतंय? कागदावरच आलं की. तुमी म्हणाल्या समद्यांना आलंय. मी मग चाकूरला इचारलं, उदगीरला इचारलं, निलंग्याला इचारलं. कुणालाच आलं नव्हतं, मला एकट्यालाच होतं. तवा कळलं, ताईनं वाईट वाटू नये म्हणून तसं सांगितलं. एवढी वर्षं मला वाटायचं, आपला हात चांगला हाय. पर सरकारात आकडे लिव्हलेले असतात, ते खोटं कसं बोलतील? लोक बोलवायचे पुढं, खासगीवाले बी आले होते दोनदा, केबलच्या कामाला. मी न्हाई गेलो. उगं कुणाचं काम बिघडवायचं, म्हणलं."

बसमध्ये जुळवलेलं सगळं भाषण माझ्या तोंडातच राहिलं. नोकरी घालवली एवढाच माझा हिशेब होता. त्याबद्दल माफी मागायला मी आले होते.

मी सांगितलं. आडवळण न घेता, धोरणाचं नाव न काढता. बाकीच्यांचे आकडे खोटे होते. मी भरले होते. तुझे खरे होते, म्हणून वाईट दिसले. साहेबांनी मला विचारलं होतं आणि मी गप्प बसले, कारण मला नांदेडला जायचं होतं. जिल्ह्यात तुझ्याइतका चांगला हात कुणाचाच नव्हता, आणि ते मला त्या दिवशीही माहीत होतं.

तो ओरडेल, निदान उठून जाईल, असं मला वाटलं. पण पुढे झुकून त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी माझं काम चांगलं होतं म्हणता?"

"हो."

"हिला सांगा." त्यानं बायकोच्या हातातला पुठ्ठा धरून थांबवला. "ऐक गं. ताई, हिला बी सांगा की एकदा. मी सांगितलं तर तिला वाटंल, मी माझंच सांगून राहिलो."

मी तिच्याकडे वळून पुन्हा सांगितलं. सगळं नाही, तेवढं एक वाक्य. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निदान मला ओळखता येईल असा तरी.

"नोकरी गेली ती गेली बाई," ती म्हणाली. "ती तशी बी गेलीच असती, समद्यांचीच गेली. पर हे तुमी त्या दिवशीच ह्यांना सांगितलं असतं, तर नऊ वर्षं मला हा माणूस तरी घरात ऱ्हायला असता."